धक्क्याच्या टोकावरची ऊब

१

तोमाशिरीत हिवाळ्यात उजाडतं म्हणजे काळोख जरा पांढरा होतो, एवढंच. त्या पांढऱ्या काळोखात अंबरीष रोज कामाला निघायचा. निघण्याआधी शमाच्या कपाळावर हात ठेवायचा. पाच वर्षांची पोर, पांघरुणाच्या बाहेर फक्त नाक. मग प्रणिता त्याच्या हातात चहा द्यायची आणि विचारायची, "काय म्हणतंय तुझं यंत्र? कपडे वाळतील का आज?"

"नाही."

"कालही नाहीच म्हणालं होतं. एवढं सांगायला कंपनीनं तुला इथवर पाठवलं? माझी आई खिडकीतून हात बाहेर काढून सांगते."

दोघंही पुण्याची. तोक्योत, कोतो वॉर्डात त्यांचं बरं चाललं होतं. खालच्या मजल्यावर मराठी घर होतं, गणपतीला मोदक व्हायचे. दोन हजार सहाच्या सुमाराला अंबरीषच्या कंपनीला पार उत्तरेकडच्या या मच्छीमारांच्या गावाचं काम मिळालं आणि कुणीतरी एक हिवाळा तिथं जाऊन राहायचं ठरलं, तेव्हा बाकीच्या इंजिनियरांनी माना खाली घातल्या. अंबरीषनं घातली नाही. पण बायको आणि पोर मागे ठेवायला तो तयार नव्हता.

"एवढ्याशा पोरीला त्या बर्फात कशाला नेतोस?" प्रणिता म्हणाली होती.

"सगळा हिवाळा तिला बघितल्याशिवाय मला नाही राहवणार," तो म्हणाला. अशा बोलण्यापुढे बायकोचं काही चालत नाही. ती आली.

काम ऐकायला सोपं होतं. पुढच्या एका तासाचं हवामान सांगायचं. उद्याचं सांगणारे पुष्कळ असतात, पण या किनाऱ्यावर उद्याचं कुणाला पडलेलं नसतं. लख्ख ऊन असताना वारा फिरतो, जमिनीवरचं भुसभुशीत बर्फ उठतं आणि आपला हात आपल्याला दिसेनासा होतो. त्याला तिथली माणसं फुबुकी म्हणतात. होडी सोडायची की नाही, शाळेतली मुलं घरी धाडायची की वर्गातच बसवायची, हे सगळं त्या पुढच्या तासावर.

म्हणून गावात ठिकठिकाणी झडपांच्या पांढऱ्या पेट्या होत्या आणि त्यांच्यात थंडी मोजणारी यंत्रं. एक धक्क्याच्या पार टोकाला, एक बर्फाच्या कारखान्यावर, एक मच्छीमार सोसायटीच्या छपरावर, एक शाळेवर. पेट्यांतले आकडे सोसायटीतल्या कॉम्प्युटरवर यायचे, अंबरीषचा प्रोग्रॅम त्यावरून अंदाज बांधायचा, आणि गावभर खांबांवर लावलेल्या भोंग्यांतून एका बाईचा गोड आवाज तो वाचून दाखवायचा. आवाज ठेवणीतला, यंत्रातला. पण गावातल्या म्हाताऱ्या तो ऐकून खांबाकडे बघत मान तुकवायच्या.

२

सोसायटीत हवामानाचं बघायचे कुदो-सान. साठी उलटलेली, बोलणं मोजकं. रोज सकाळी दोरीनं बादली सोडून ते समुद्राचं पाणी वर काढायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचे. मासे धरणाऱ्यांना पाण्याची थंडी कळावी लागते. मग दोन कप चहा ओतायचे आणि दिवस सुरू व्हायचा. अंबरीषचं नाव त्यांच्या जिभेला जड जायचं. ते त्याला अंबा-सान म्हणायचे.

एका दुपारी अंबरीष त्यांच्या मागे उभा राहून पडदा बघत होता. सगळ्या पेट्या सारखंच सांगत होत्या, शून्याखाली नऊ, शून्याखाली दहा. एकट्या धक्क्याच्या टोकावरच्या पेटीतला आकडा हळूच वर चढला. चढला आणि तिथेच थांबला. अगदी शून्याच्या जवळ. आणि कुदो-साननी बोटाच्या एका टिचकीनं तो पुसून टाकला. कपाळावरची माशी उडवावी तसा.

"हे काय केलंत?"

"ते आम्ही घेत नाही."

"पेटी बिघडलीय का?"

"नवी बसवून पाहिली. मागेही बसवून पाहिली."

"मग समुद्रातून एखादा सील येऊन झोपत असेल तिच्याखाली."

"असेल," कुदो-सान म्हणाले आणि चहाच्या कपात बघत बसले.

अंबरीषला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो धक्क्यावर गेला. वाटेवर साखळी होती, साखळीपलीकडे लाटांचं पाणी गोठून काचेसारखं झालेलं. पार टोकाला ती पेटी, बर्फात उभी. सील नव्हता. कुणीच नव्हतं. झडपांना सगळीकडून तुषार गोठून पांढरी साय चढली होती. फक्त समुद्राकडच्या एका झडपेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, तळहाताएवढी जागा ओली होती.

ऊन लागलं असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. ती बाजू उत्तरेची होती.

३

त्याच आठवड्यात कुदो-सान डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात गेले. जाताना त्यांनी अंबरीषला त्या पेटीवर बोट ठेवून दाखवलं आणि पुसल्याची खूण केली. अंबरीषनं मान हलवली आणि रोज हातानं पुसायला नको म्हणून प्रोग्रॅममध्ये एक चाळणी बसवली, त्या पेटीचा आकडा आपोआप गाळणारी.

पण तोक्योहून अनुरागचा फोन आला. अनुराग त्याचा टीम लीडर, आणि कॉलेजपासूनचा मित्रही.

"अंबऱ्या, तुझे ते आजोबा हातानं डेटा पुसतात आणि तू बघत बसतोस?"

"खोटा आकडा आहे रे. रोज तसाच येतो."

"रोज येतो तो खोटा कसा? खोटा माणूस तरी रोज वेळेवर येतो का? घे तो आत. प्रोग्रॅमला ठरवू दे."

"इथल्या लोकांची पद्धत आहे."

"आपण अंदाज विकतो, पद्धती नाही. आणि काय रे, वडापाव मिळाला की नाही तिकडे?"

"इथे खेकडे मिळतात."

"मग भोग आपल्या कर्माची फळं."

अंबरीष हसला. हसता हसता त्यानं प्रोग्रॅममधली चाळणी काढून टाकली. खरं तर अनुरागचं म्हणणं त्यालाही पटत होतं. आलेला आकडा फेकायचा नाही, हेच तो शिकला होता. आणि हात घातलाच आहे तर म्हणून त्यानं आणखी एक काम केलं. शाळा आणि नगरपालिकेची वसाहत यांच्यामध्ये पेटी नव्हती, तिथं प्रोग्रॅमला आंधळ्यासारखं चाचपडावं लागायचं. कंपनीकडची एक जास्तीची पेटी पडून होती. ती त्यानं वसाहतीतल्या आपल्याच घराच्या गॅलरीत टांगली.

"चला, आता आमच्या गॅलरीचाही अंदाज येणार भोंग्यावर," प्रणिता म्हणाली. शमानं खुर्चीवर चढून पेटीच्या फटीत तोंड घातलं आणि जपानीत आत नमस्कार केला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंग्यातली बाई म्हणाली, "येत्या तासात बर्फाच्या कारखान्याजवळ तापमानात किंचित वाढ."

आणि तासाभरात कारखान्यावरच्या पेटीतला आकडा चढला. तसाच, शून्याच्या जवळ जाऊन थांबला. धक्क्याच्या टोकावरची पेटी मात्र त्याच वेळी थंड पडली. इतर पेट्यांसारखी.

अंबरीषला केवढा आनंद झाला. उबदार हवेचा एक गोळा असेल, समुद्रावरून येत असेल, आणि आपला प्रोग्रॅम त्याची चाल ओळखतो! त्यानं अनुरागला फोन केला. अनुराग ऑफिसात टाळ्या वाजवतोय ते फोनवर ऐकू आलं.

रात्रभर ती ऊब कारखान्यापाशीच राहिली. दुसऱ्या दुपारी बाईनं सोसायटीच्या आवाराचं नाव घेतलं. ऊब सोसायटीच्या आवारात आली. त्या दिवशी अंबरीष खिडकीशी उभा राहिला. आवारात जाळ्यांचे ढीग होते, बर्फानं झाकलेले. दुसरं काही नव्हतं. तरी कारकून मुलगी टायपिंग थांबवून म्हणाली, "दार उघडं आहे का कुठे? ओला वास येतोय." दार बंद होतं.

मग शाळा. बाईनं सांगितलं, आणि ऊब शाळेपाशी गेली.

आता त्याचा आनंद ओसरू लागला. वारा उत्तर-पश्चिमेचा होता. हवेचा गोळा असता तर वाऱ्याबरोबर डोंगराकडे गेला असता. हा वाऱ्याला काटकोनात जात होता. आणि वेळ बघितला तर तो सरळही जात नव्हता. सोसायटी आणि शाळा यांच्यामध्ये नुसती घरांची छपरं आहेत, वारा त्यांच्यावरून पळभरात निघून जातो. याला खूप वेळ लागला होता. पोस्टाच्या कोपऱ्यावरून वळून, पुलावरून, चढ चढून जायला पायी माणसाला जेवढा लागतो तेवढा.

वारा रस्त्यानं जात नाही. एवढं कळायला शिकावं लागत नाही.

प्रोग्रॅममध्ये चूक असणार, असं तो स्वतःला सांगत राहिला. त्यानं सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही. माणसाला आपली चूक सापडली की वाईट वाटतं. अंबरीषला ती सापडली नाही, आणि त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

५

कुदो-सान परत आले ते एका डोळ्यावर पट्टी बांधून. सवयीनं बादली सोडली, पाणी वर काढलं, थर्मामीटर बुडवलं. फळ्यावर आकडा लिहिला, शून्याखाली एक आणि थोडं. समुद्र गोठायच्या बेतात होता. वर्षातला सगळ्यांत थंड समुद्र.

अंबरीषनं फळ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. शाळेवरच्या पेटीत तोच आकडा होता.

त्यानं मागचे दिवस काढून बघितले; कुदो-सान नसताना कारकून मुलगी बादली सोडायची आणि आकडा लिहून ठेवायची. समुद्र रोज थोडा थोडा थंड होत गेला होता, आणि ती ऊबही रोज तेवढीच. पाण्याचा जो आकडा, तोच तिचा. कारखान्यापाशी, आवारात, शाळेत.

बाहेर हवा शून्याखाली बारा होती. अशा हवेत, समुद्रातून नुकतंच वर आलेलं, पाणी निथळत असलेलं काहीही, उबदारच वाटणार.

"कुदो-सान," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर मी ते आत घेतलं."

कुदो-साननी उघड्या डोळ्यानं पडदा बघितला. धक्का बघितला, कारखाना, आवार, शाळा. त्यांचा हात थर्मामीटरवर होता, तो तसाच राहिला.

"भोंग्यावर सांगितलंत?"

"ते आपोआपच जातं."

मग ते हळू म्हणाले, "ते तिथेच उभं असायचं, अंबा-सान. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तिथेच. पुढे कुठे जायचं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"त्याला म्हणजे कशाला? कोणाला?"

"मला माहीत नाही. आम्ही विचारत नाही."

अंबरीषनं घाईघाईनं चाळणी परत बसवायला घेतली. पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकत होता. ती बसेपर्यंत बाहेर वारा फिरला. काचा एकदम पांढऱ्या झाल्या, आवार दिसेनासं झालं. आणि त्या पांढऱ्यातून, गावातल्या सगळ्या खांबांवरून एकाच वेळी, बाईचा गोड आवाज आला.

"येत्या तासात फुबुकी. बाहेर पडू नये. नगरपालिकेच्या वसाहतीत तापमानात किंचित वाढ."

वसाहतीत पेटी एकच होती. त्याच्या गॅलरीतली.

शाळेवरचा आकडा खाली उतरू लागला.

६

त्यानं घरी फोन लावला. "प्रणिता, दार उघडू नकोस कुणाला."

"कोण येणारे या बर्फात? आणि इथं कोण असं न सांगता येतं? पार्सलवालासुद्धा आधी फोन करून माफी मागतो."

"तरी. आणि गॅलरीचंही दार लाव. कडी घाल."

"लावलेलंच आहे. काय झालंय? तुझा आवाज का असा येतोय?"

"शमा कुठंय?"

"खिडकीशी. बाहेर काही दिसत नाही तरी नाक लावून उभी आहे. थांब, देते. शमा, बाबाशी बोल गं. मराठीत बोल."

शमानं फोन घेतला आणि जपानीतच म्हणाली, "बाबा, लवकर घरी ये."

त्या एका वाक्यानं त्याचं ठरलं. शहाणपण काय, ते त्याला कळत नव्हतं असं नाही. अशा हवेत कुणी बाहेर पडत नाही, हे गाव दर तासाला ओरडून सांगत होतं, आणि ते सांगणारा तोच होता. पण पोर घरात आहे आणि आपण इथं खुर्चीत बसून आकडे उतरताना बघायचे, हे त्याच्यानं होईना. आपण आणलं त्यांना इथं. नको नको म्हणत असताना आणलं.

त्यानं कोट चढवला, टोपी ओढली. दाराशी खिळ्यांवर छोटे लाल दिवे टांगलेले असायचे, लुकलुकणारे. फुबुकीत बाहेर पडावंच लागलं तर प्रत्येकानं एक आपल्या पाठीला अडकवायचा. आपल्याला त्याचा उपयोग नसतो. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. पुढचा दिवा बघत मागच्यानं चालायचं, आणि पुढच्यानं मागच्याला तुटू द्यायचं नाही, पाऊल जरा हळू टाकायचं. गावची रीत. अंबरीषला ती फार आवडली होती, त्यानं ती पत्रातून आईलाही कळवली होती. हात मागे नेऊन त्यानं दिवा अडकवला आणि बाहेर पडला.

थोडं पुढे गेल्यावर त्याला मागे कुदो-सानचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. ते कोट न घालताच दारात आले होते, दोन्ही हात हलवत काही ओरडत होते. वाऱ्यानं शब्द फाडून नेले. काळजी घ्या म्हणत असतील. अंबरीषनं हात वर केला आणि निघाला.

७

रस्त्याच्या कडेनं दोर बांधलेला होता. दोराला हात लावून तो चालत राहिला. वर पांढरं, खाली पांढरं, पापण्यांवर पांढरं. आवाज फक्त वाऱ्याचा, आणि आपल्या बुटांखाली बर्फ करकरतं त्याचा.

पोस्टाच्या कोपऱ्यावर, शाळेकडची वाट येऊन मिळते तिथं, वळल्यावर त्याला वाटलं, करकर दुहेरी होतेय.

तो थांबला. मागची करकर एक पाऊल उशिरा थांबली. आपल्याच पावलांचा घुमारा, भिंती आहेत दोन्ही बाजूंना. तो चालू लागला. वसाहतीकडच्या पुलावर भिंती नव्हत्या. तिथंही ती होती.

खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्या पांढऱ्या पोकळीत एकटं नसणं, हीच केवढी गोष्ट. वसाहतीतलंच कुणी असेल, खालच्या मजल्यावरचे मास्तर किंवा कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात पार्टटाइम करणारी ती मुलगी. मागे वळून काही दिसलं नसतं, डोळे उघडणंच मुश्किल होतं. त्यानं ओरडून विचारलं, "ठीक आहे ना?" उत्तर आलं नाही, पण पाऊल जवळ आलं. दमलेलं पाऊल. ओढत टाकलेलं, जड, भिजल्या कपड्यांचं असतं तसं.

अंबरीष घाईत होता. त्याचा जीव घरात अडकला होता. तरी चढावर त्यानं आपली चाल कमी केली. मागचं माणूस मागे राहायला नको. आईवडिलांनी तसंच वाढवलं होतं, आणि या गावानंही तेच शिकवलं होतं.

वसाहतीच्या इमारतीला तिकडच्या पद्धतीनं दोन दारं होती, मध्ये अंग झटकायला लहानशी खोली. बाहेरचं दार त्यानं खांद्यानं लोटून उघडलं. वारा ते परत ढकलत होता. डोळे मिटलेलेच, तो बाजूला झाला, एका हातानं दार धरून ठेवलं आणि म्हणाला, "दोउझो. या, आधी तुम्ही आत या."

क्षणभरात दाराचा भार त्याच्या हातावरून उतरला. पलीकडून कुणीतरी ते धरलं होतं.

त्यानं डोळे पुसून बघितलं. मधल्या खोलीत तोच एकटा होता. बाहेरचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं, वारा सुसाट असूनही. मग ते सावकाश लागलं.

वारा आहे. वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

जिना चढून त्यानं बेल वाजवली, स्वतःच ओरडला, "मी आहे, मी!" दार उघडलं, गरम हवा तोंडावर आली, वरणाला दिलेल्या फोडणीचा वास आला, आणि तो उंबऱ्यातच चौकटीला टेकून उभा राहिला.

"अरे, दार लाव की आधी," प्रणिता म्हणाली. "सगळा गारठा आत येतोय. आणि पाठीवरचा दिवा तरी बंद कर. लग्नातल्या माळेसारखा लुकलुकतोयस."

८

सगळं ठीक होतं. शमा रॉकेलच्या हीटरपाशी चित्रं काढत होती. गॅलरीचं दार बंद होतं, कडी लावलेली. काचेतून त्यानं पेटीचा आकडा बघितला. शून्याखाली बारा. शुद्ध, साधी थंडी. बाईनं सांगितलेला तास उलटून गेला होता आणि गॅलरीत काही आलं नव्हतं.

तो हसू लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. प्रणितानं त्याला खाली बसवलं, पाठ चोळली. "हे असलं काम पुरे झालं," ती म्हणाली. "दमलायस तू. अनुरागला सांग, दुसरा कुणी पाठव म्हणावं."

त्यानं कुदो-सानना फोन लावला. पोचलो म्हणून कळवायला हवं होतं.

"पडद्यावर काही दिसतंय का?"

"नाही," कुदो-सान म्हणाले. "चाळणी काढून बघितलं. धक्का, कारखाना, शाळा, वसाहत. सगळीकडे सारखीच थंडी. गावात कुठेच नाही ते."

"गेलं म्हणायचं."

कुदो-साननी विचारलं, "अंबा-सान, तुम्ही दिवा लावून गेलात का?"

"हो. रीतच आहे ना."

कुदो-सानच्या खोलीतला स्टोव्ह धुमसत होता तेवढा ऐकू येत राहिला.

अंबरीषनं फोन खाली ठेवला. पेट्या सगळ्या बाहेरच्या होत्या. गावात एकही पेटी घराच्या आत नव्हती.

९

दाराशी बूट काढायची खोलगट जागा होती. त्याच्या बुटांवरचं बर्फ वितळून तिथं पाणी झालं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक थारोळं होतं. त्यात बूट नव्हते. हीटरच्या गरमीनं त्याची कड वाळत आली होती, आणि कडेला पांढरी रेघ उमटली होती, मिठागराच्या काठाला असते तशी. बर्फाचं पाणी गोडं असतं. ते वाळलं तर काही उरत नाही.

रस्त्यावर घसरू नये म्हणून मीठ टाकतात, ते बुटांना लागून आलं असेल. त्यानं फडकं आणलं, पुसलं. पुसताना त्याला दिसलं, वरच्या पायरीवर ओलं आहे. पुढे लाकडी जमिनीवर ओलं आहे. तिथून पुढे गालिचा होता, त्यावर काही दिसत नव्हतं.

"दमली गं बाई," प्रणिता आतून हलक्या आवाजात म्हणाली. "बघ, बसल्या जागी झोपली."

तो आत गेला. शमा हीटरपाशी आडवी झाली होती, प्रणितानं तिच्यावर रजई घातली होती. हीटर भडकलेला होता, तरी तिच्याजवळ वाकल्यावर त्याला वाटलं, धक्क्यावर उभे आहोत. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. केस ओले होते.

"हिचे केस धुतलेस?"

"आज? या थंडीत? नाही रे. का?"

"बाहेर नेलं होतंस?"

"सकाळपासून घराबाहेर पाऊल नाही टाकलं आम्ही."

त्यानं बोट जिभेला लावलं. खारट.

झोपेत शमा हलली. एका कुशीवर झाली, अंग चोरून घेतलं, सकाळी बाबा शेजारी येऊन पडला की त्याला जागा करून देते तशी. आणि लहानशा हातानं रजईची पलीकडची कड वर उचलून धरली.

रजई खाली आली, पण सपाट झाली नाही.

"अंबरीष," प्रणिता म्हणाली. तिनंही बघितलं होतं.

त्यानं दोन्ही हात घालून पोरीला उचललं. अंगावर घेतलं, छातीशी आवळलं. ती उठली नाही. तिचा एक हात त्याच्या गळ्यात पडला. दुसरा रजईखाली राहिला, खांद्यापासून ताणलेला. कुणी तो ओढत नव्हतं. कुणी हिसडा देत नव्हतं. फार दिवस थंडीत राहिलेल्या माणसाच्या हाती काही ऊबदार लागावं आणि त्यानं ते धरून ठेवावं, तसा तो हात हळुवार धरलेला होता.

अंबरीषनं पोरीला सोडलं नाही.

पलीकडूनही कुणी सोडलं नाही.